समुद्राकाठी आपलं कोण आहे?

सुरतेतल्या आमच्या खानदेशी डिंडोलीत "सुट्टीत कुठे जाणार?" असं कोणी कोणाला विचारत नसे. उत्तर सगळ्यांचं एकच होतं. सुरत स्टेशनवर भुसावळकडे जाणारी पॅसेंजर पकडायची, खिडकीतून आधी पिशवी आणि मग धाकटं भावंड आत टाकायचं आणि गावाला जायचं. लग्न असलं तर हसत, कोणी गेलं असलं तर रडत. विनाकारण प्रवास करणारा माणूस आमच्या गल्लीने तोवर पाहिलेला नव्हता.

म्हणून एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत, सव्वीस तारखेला जोडून रविवार आला आहे हे हेरून मी जेव्हा जाहीर केलं की आम्ही कॉलेजची तीन मुलं दोन दिवस समुद्रावर चाललो आहोत, तेव्हा वडिलांनी हातातला घास खाली ठेवला आणि गंभीरपणे विचारलं,

"कोन वारनं?"

"कोणी नाही. फिरायला चाललोय. दमणला."

"तठे आपलं कोन शे?"

आमच्या घराण्यात जगाचा नकाशा या एका प्रश्नावर बेतलेला होता. जिथे आपलं कोणी आहे ती गावं, आणि उरलेली म्हणजे गाडी तिथे उगाचच थांबते अशी स्टेशनं. मी शांतपणे श्रीरंगने दिलेलं रंगीत पत्रक पुढे केलं. श्रीरंग माझ्या वर्गातला, अडाजणला राहणारा, बँकेतल्या साहेबाचा मुलगा. त्याच्याकडे गॉगल होता आणि तो ढगाळ हवेतही लावायचा. पत्रकावर एका रिसॉर्टचं चित्र होतं : खुर्च्या, छत्र्या, निळाशार पोहण्याचा तलाव आणि त्याच्या मागे समुद्र.

वडील कापडाच्या लूमवर अठरा वर्षं काढलेले. कापडात चूक कुठे आहे हे त्यांना लांबून दिसे. त्यांनी चित्रावर बोट ठेवलं.

"समुद्र बाजूलेच शे ना? मंग हौद कसाले?"

मी पत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

एव्हाना शेजारच्या मालतीबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या मूळच्या अमरावतीकडच्या. आमच्या घरात आवाज जरा चढला की त्यांच्याकडची साखर संपत असे. त्यांनी वाटी उंबऱ्यावर ठेवली आणि 'दमण' हा शब्द दोनदा जिभेवर घोळवला.

"काहून बाप्पा, दमणले पोट्टे समुद्र पाहाले जातेत का? आख्ख्या गुजरातेत बाटली मिळत नाही, थे तिथं मिळते. दमणहून आलेलं पोट्टं सरळ चालत घरात आलं असं म्या त नाही पाह्यलं."

झालं. तिसरा मुलगा नितीन, तो नवागामचा. त्याच्या घरी ही बातमी साखरेच्या वाटीहूनही आधी पोचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तो कॉलेजात आला तो कान लाल घेऊनच. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. या कथेत तो पुन्हा येत नाही.

मग गल्लीने माझी सुट्टी हातात घेतली. प्रत्येकाने सुचवलं की समुद्रच पाहायचा तर डुमस काय वाईट आहे? डुमसला मी एकदा गेलो होतो. रविवारी तिथे समुद्र दिसत नाही, समुद्र पाहायला आलेली माणसं दिसतात. उंट असतो, घोडा असतो, टोमॅटोची भजी असतात, आणि निम्मं सुरत दुसऱ्या निम्म्याला वाळूतून ढकलत असतं. मला एकांत हवा होता. एकोणिसाव्या वर्षी माणसाला एकांत फार लागतो, तो कशासाठी ते मागाहून ठरतं.

शेवटी श्रीरंगनेच सुवालीचं नाव काढलं. हजिऱ्याच्या रस्त्याने जायचं, इच्छापोरच्या पुढे आत वळायचं, एक लहानसं गाव, पुढे सरूची झाडं आणि पुढे नुसता किनारा. भजी नाहीत, उंट नाही, रिसॉर्ट नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

"समुद्र कितला दूर शे रे भाऊ, आठेथीन?" आईने पोळी लाटता लाटता मला विचारलं.

"असेल तीस किलोमीटर."

"तीसच?" ती म्हणाली आणि पुन्हा लाटायला लागली. नंतर तव्याकडे पाहतच म्हणाली, "अठरा वरीस व्हयनात सुरतमा. मी काही अजून देखा नही."

हे ती तक्रार म्हणून म्हणाली नाही. आपल्याला अजून विमान पाहायला मिळालं नाही, तसं म्हणाली. दरवर्षी दोन-अडीचशे किलोमीटर गर्दीत उभी राहून गावी जाऊन येणारी ही बाई अठरा वर्षांत तीस किलोमीटर पश्चिमेला गेली नव्हती, कारण त्या बाजूला आमचं कोणी राहत नव्हतं. मी भावनेच्या भरात म्हणून गेलो, "चल मग तूही."

वाक्य तोंडातून निघाल्यावर ते परत घेता येतं का, याचा मी त्यानंतर आठवडाभर विचार केला.

आई एकटी कशी येणार, म्हणून वडील. बस आत जात नाही, म्हणून उखाभाऊ. उखाभाऊ आमच्या गावचे. कापडाचे ताके वाहणारा टेम्पो चालवायचे. ते म्हणाले, मी सोडतो, पण "टेम्पो रिकामा कसा लई जावाना?" रिकामा टेम्पो नेणं हे त्यांच्या हिशेबी पाप होतं. म्हणून मालतीबाई, त्यांच्या दोन सुना, सुनांची मुलं आणि गल्लीतली आणखी काही माणसं. एवढी माणसं दिवसभर खाणार काय? योगायोगाने उखाभाऊ त्याच आठवड्यात गावाकडून भरिताच्या वांग्यांचं पोतं घेऊन आले होते, हिरवी, लांबट, तेल लावल्यासारखी. जानेवारीत अशी वांगी घरात असताना भजी खाणारा माणूस खानदेशात जन्माला आलेला नाही. भरीत म्हटलं की कपाशीच्या वाळक्या काड्या आल्या, हिरव्या मिरच्या आल्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या, त्यासाठी कढई आली. आणि आईने माळ्यावरून भरीत ठेचायचं लाकडी भांडं काढलं.

या भांड्याविषयी सांगायला हवं. एका खोडातून कोरलेलं, लहान बाळ झोपेल एवढं लांब. आईने ते लग्नानंतर माहेरून आणलं होतं, गाडीत मांडीवर घेऊन. आमच्या घरात ते देवांच्या खालोखाल होतं. वडिलांनी त्याला आजवर हात लावलेला नव्हता.

मी एकच अट घातली. किनाऱ्यावर पोचल्यावर मी आणि श्रीरंग वेगळे बसणार. शंभर पावलं तरी लांब. कोणी हाक मारायची नाही. आईने मान डोलावली. "शिकेल पोऱ्या शे," ती मालतीबाईंना म्हणाली. मला त्यात टोमणा वाटला, पण तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

रविवारी सकाळी श्रीरंग फुलाफुलांचा शर्ट, गॉगल आणि गळ्यात कॅमेरा अशा थाटात आला आणि टेम्पो पाहून थांबला. आत आधीच सोळा माणसं होती. मालतीबाईंनी त्याला काड्यांच्या भाऱ्यावर जागा करून दिली आणि त्याच्या मांडीवर एक नातू ठेवला. त्याने गॉगल काढला नाही. तेवढ्या एका गोष्टीत मला त्याचा आधार वाटला.

इच्छापोरच्या अलीकडे नाक्यावर हवालदाराने हात केला.

"टेम्पामां शुं छे?"

"रींगणां," वडील म्हणाले. वडिलांना पोलिसाशी खोटं बोलता येत नसे. वांग्यांचं पोतं होतंच.

हवालदाराने ताडपत्री उचलली. त्याला एक पोतं वांगी आणि सतरा माणसं दिसली. मालाच्या गाडीत माणसं बसवता येत नाहीत हे त्याने सांगितलं, आणि ते खरंच होतं. उखाभाऊंनी परवाना दाखवला. त्यात माल लिहिलेला होता. आता सतरा माणसांना माल म्हणावं की वांग्यांना प्रवासी, असा प्रश्न पडला. हवालदाराने टोपी काढून डोकं खाजवलं.

"क्यां जवाना?"

"दरिये."

"दरिये? त्यां कोण छे?"

मी टेम्पोत मान खाली घातली. म्हणजे हा प्रश्न फक्त आमच्या घरचा नव्हता. सरकारचाही होता. समुद्र पाहायला चाललोय, असं सांगितलं असतं तर एवढ्या बायकापोरांना आणि वांग्यांना घेऊन कोणी विनाकारण तिकडे जाईल यावर त्याचा विश्वास बसला नसता. वडील आयुष्यात पहिल्यांदा गणवेशासमोर खोटं बोलले.

"बेन छे."

हवालदाराचा चेहरा बदलला. बहिणीकडे निघालेला भाऊ, सोबत कुटुंब आणि वांगी. यात काही गैर नव्हतं. "हवे हाथ बहार नहीं काढता," एवढं बजावून त्याने सोडलं. पुढच्या वळणापर्यंत वडील ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते. बहुधा बहिणीचं नाव ठरवत असावेत.

सुवालीला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. सरूच्या झाडांतून आम्ही बाहेर आलो आणि समोर समुद्र नव्हता.

नव्हताच. जिथवर नजर जाईल तिथवर ओली, करडी, सपाट जमीन होती, तिच्यावर खेकड्यांनी काढलेली नक्षी होती, आणि पार टोकाला एक चमकती रेघ. बाकीच्या सोळा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. समुद्र मी सुचवला होता, तेव्हा तो हजर ठेवण्याची जबाबदारीही माझीच होती.

"हाऊ समुद्र शे?" आईने हळूच विचारलं.

"ओहोटी आहे," मी म्हणालो.

"असू दे," ती म्हणाली. "आते उनूत तं भरीत करी लेऊ." आलोच आहोत तर भरीत तरी करून घेऊ, असं तिचं म्हणणं.

तिने माझी समजूत काढली, याचं मला फार वाईट वाटलं. नव्वारीचा काठ तिने कालच इस्त्री करून ठेवला होता. अठरा वर्षांनी पाहायला आलेली वस्तू घरी नाही, असं तिला कळलं होतं आणि ती मलाच 'असू दे' म्हणत होती.

आता इथे जी चूक झाली ती फक्त आमचेच लोक करू शकतात. किनाऱ्यावर वारा होता, काड्या पेटेनात. वडिलांनी खाली त्या सपाट जमिनीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. गिरणेचं पात्र! आमच्याकडे हिवाळ्यात नदी आटली की भरीत पात्रातच करतात. वारा नाही, जागा मोकळी, हात धुवायला जवळ डबकं. वडिलांनी लहानपणापासून नदीत बसून भरीत खाल्लं होतं. त्यांनी सगळ्यांना दीडदोनशे पावलं खाली नेलं, सतरंज्या पसरल्या आणि चूल मांडली.

तिथे चिखलातून एक म्हातारी कोळीण जाळं खांद्यावर टाकून येत होती. तिने हा पसारा पाहिला.

"अहीं न बेसो, भाई. अमास आवे छे. आजे पाणी बहु आवशे."

"मावशी," अमावास्येची भरती ठाऊक नसलेले वडील समजुतीने म्हणाले, "जानेवारीमा कोठे पूर येस?"

म्हातारीने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग वांग्यांकडे पाहिलं आणि ती वर जाऊन एका होडीच्या सावलीत बसून राहिली. घरी गेली नाही. याचा अर्थ मला मागाहून कळला.

मी आणि श्रीरंग ठरल्याप्रमाणे वर कोरड्या वाळूत टॉवेल पसरून बसलो होतो. जवळच एक मोटार येऊन थांबली होती. तिच्यातून उतरलेलं कुटुंब घडीच्या खुर्च्यांवर बसून सँडविच खात होतं. त्यांच्यातल्या मुलीने एकदा आमच्याकडे आणि एकदा खालच्या धुराकडे पाहून श्रीरंगला विचारलं, "ये लोग कौन हैं?"

"पता नहीं," मी म्हणालो. श्रीरंगने गॉगल वर करून माझ्याकडे पाहिलं.

भाजलेल्या वांग्यांचा वास वर येत होता आणि मी पत्रकातल्या माणसासारखा हातावर डोकं टेकून क्षितिजाकडे पाहत होतो. म्हणूनच ते मला आधी दिसलं. ती चमकती रेघ आता रेघ राहिली नव्हती. ती रुंद झाली होती आणि आमच्या लोकांच्या दोन्ही बाजूंनी, घळींतून, बिनआवाजी पुढे सरकत होती. आई पाण्याकडे पाठ करून वांगी ठेचत होती.

मी हाक मारायला हवी होती. 'आई' एवढा एकच शब्द ओरडायचा होता. पण शेजारी ती मुलगी होती, आणि मी नुकताच त्यांना ओळखत नसल्याचं सांगितलं होतं. मी मिनिटभर गप्प बसलो. पुरतं एक मिनिट. हे मी घरी अजून सांगितलेलं नाही, आणि ते मिनिट मला अजून टोचतं.

मग मी ओरडलो. इतक्या जोरात की घडीच्या खुर्चीवरल्या गृहस्थांचं सँडविच पडलं. "आई! पाणी! उठ! आई!"

त्यानंतरचं सगळं फार लवकर झालं. पहिलं पाणी चुलीत शिरलं आणि फुस्स झालं. मालतीबाईंनी दोन नातवंडं दोन बगलांत धरून सगळ्यांच्या आधी किनारा गाठला. त्या वयात त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती. सुनांनी पुऱ्यांचा डबा वाचवला. वडील सतरंज्या गुंडाळत होते आणि समुद्र त्या उलगडत होता. कढई गेली. उरलेली वांगी पोत्यातून सुटून, शेपटं वर करून, गावाला निघाल्यासारखी रांगेने निघाली. आणि त्यांच्या पुढे, भरिताने भरलेलं, आईचं लाकडी भांडं होडीसारखं डुलत चाललं होतं.

आईने ते पाहिलं. तिने नव्वारीचा ओचा खोचला आणि ती उलटी फिरली. समुद्राकडे.

मी धावलो. मागून श्रीरंग धावला, कॅमेरा डोक्यावर धरून. पण आमच्याही आधी होडीच्या सावलीतून ती म्हातारी उठली होती. ती सरळ न जाता तिरकी गेली, पाय कुठे रुततो नि कुठे नाही हे तिला ठाऊक होतं. तिने एका हाताने आईचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने भांड्याची कड. कमरेइतक्या पाण्यात दोन बायका, मध्ये भांडं. एक लाट आली आणि आईच्या पदरावरून निघून गेली.

मी पोचलो तेव्हा मला वाटलं, ती रडते आहे. ती हसत होती. मी आईला इतकं मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं.

"देख रे भाऊ!" ती म्हणाली. "उना ना! तो उना!" समुद्र एकदाचा आला होता.

म्हातारीचं नाव भागीरथीबेन. तिने आम्हा सगळ्यांना आपल्या घरी नेलं. ओले कपडे कुंपणावर वाळत घातले, चूल पेटवली, आणि "में तो कह्युं हतुं" हे वाक्य वडिलांना उद्देशून एकदाच म्हणाली. भरिताला वरच्या बाजूने थोडं खारं पाणी लागलं होतं. ते कोणी बोललं नाही. भागीरथीबेनने दोनदा मागून घेतलं. श्रीरंग तिच्या ओट्यावर तिच्या मुलाची लुंगी नेसून चौथी पुरी खात होता. गॉगल समुद्रात गेला होता आणि त्याला त्याची आठवणही नव्हती. त्याचं नाक किती लहान आहे हे मला तेव्हा प्रथमच दिसलं.

निघताना आईने पिशवीतून ब्लाउजपीस काढला. सुरतेची बाई कुठेही निघाली तरी तिच्या पिशवीत एक ब्लाउजपीस असतो. भागीरथीबेनची ओटी भरायला पाण्यातून परत हाती लागलेली चार-पाच ओली वांगीच होती, त्यांनीच भरली. तिने उलट सुक्या बोंबलांची जुडी दिली. मालतीबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यांना मासळी चालायची नाही. पण नणंदेने दिलेलं नाकारता येत नाही, असं आईने टेम्पोत सगळ्यांना समजावलं. नणंद हा शब्द तिने कुठून काढला हे वडील आणि मी सोडून कोणालाच कळलं नाही.

नाक्यावर तोच हवालदार होता. त्याने ताडपत्री उचलली, बोंबलांच्या वासाने मागे सरकला आणि विचारलं,

"बेन मळी?"

"मळी," वडील म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज खणखणीत होता.

मे महिन्यात श्रीरंग आईवडिलांबरोबर दमणच्या त्या रिसॉर्टमध्ये चार दिवस राहून आला. कसं होतं विचारलं तर म्हणाला, हौद चांगला होता. समुद्र भिंतीच्या पलीकडे होता. "चार दिवसांत कोणी विचारलंही नाही रे, कोणाकडे आलात म्हणून." मग म्हणाला, "तुझ्या आत्याकडे परत कधी जायचं?"

जायची वेळ आली नाही. दिवाळीच्या तोंडावर, रात्रपाळी सुटून दिवसपाळी चढायच्या सुमारास, आत्याच आमच्या दारात उभी राहिली. सोबत मुलगा, सून आणि टोपली. ती म्हणाली, मासळी विकायला सुरतेत जन्मभर आले, पण राहिले कधीच नाही. "अहीं अमारुं कोण हतुं?" आम्ही बाजूला सरकून जागा केली. माझी अभ्यासाची कॉट तिला मिळाली.

तिला वडिलांचं काम पाहायचं होतं. वडील तिला शेडच्या दारापर्यंत घेऊन गेले, मीही गेलो. आत अठ्ठेचाळीस लूम एकदम चालत होते. पायाखालची जमीन थरथरत होती. आत्या पदर तोंडाशी धरून बराच वेळ तो आवाज पाहत उभी राहिली, आई त्या दिवशी पाण्यात उभी होती तशी. मग ही भरती ओसरते केव्हा, असं वडिलांच्या कानाशी जाऊन ओरडून विचारलं,

"आनी ओहोट क्यारे आवे?"

"बार कलाके," बारा तासांची पाळी मोजून वडील ओरडले. "पण लगेच दुसरी पाळी चढस."

आत्याने समजल्यासारखी मान हलवली.

"अमारे पण एवुं ज," ती म्हणाली.